बोर्ड ‘इंटिग्रेटेड’चा लावलाय ना, मग कागद पण एकच करा की ओ

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या समस्त डॉक्टर मंडळींना, म्हणजे एमबीबीएस, एमडी, बीएएमएस, बीएचएमएस सगळ्यांनाच, सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. खानापूर रोडला माझं मेडिकल आहे, डी.फार्म झालेला माणूस, सकाळी शटर वर करायचं आणि रात्री खाली ओढायचं एवढंच आपलं काम. पण तुम्ही सगळे जे लिहिता ते शेवटी माझ्याच काउंटरवर येतं. समोरच्या खोलीतल्या डॉक्टरनं काय दिलंय ते तुम्हाला कळत नाही, मला मात्र कळतं, कारण पेशंट पिशवी उलटी करतो, सगळ्या पट्ट्या, डब्या, पुड्या काचेवर ओततो आणि म्हणतो, “बघा ओ जरा, यातलं कुठलं कधी घ्यायचं ते सांगा की.” म्हणून हे पत्र लिहायला बसलो. फोनवरच टाईप करतोय, मध्ये गिऱ्हाईक येतंय जातंय, त्यामुळं वाक्यं इकडं तिकडं झाली तर सांभाळून घ्या.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडं एक नवीन पद्धत निघालीय. एकच क्लिनिक, सकाळी आयुर्वेदाचे डॉक्टर, संध्याकाळी एमडी फिजिशियन, आठवड्यातून एकदा होमिओपॅथी, वरच्या मजल्यावर पंचकर्म आणि योगा, आणि बाहेर मोठ्ठा बोर्ड ‘इंटिग्रेटेड’. माझा याला अजिबात विरोध नाही, उलट बरं वाटतं. आपली माणसं हे आधीपासून करतच होती, फक्त चोरून. बीपीची गोळी इंग्लिश, गुडघ्याला तेल आयुर्वेदिक, पोराच्या सर्दीला होमिओपॅथीची बाटली, आणि कावीळ झाली की कुणाच्यातरी मामाच्या ओळखीचा माळ घालणारा माणूस. सरकारनं पण २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणलं तेव्हापासून सरकारी दवाखान्यात आयुषचे, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीसारख्या पद्धतींचे, डॉक्टर एमबीबीएसच्या शेजारी बसवायला सुरुवात केली, म्हणजे हे काय आजचं खूळ नाही. तक्रार एकच आहे. छप्पर एक केलं, बिल एक केलं, पण फाईल दोनच ठेवल्या.

एक उदाहरण सांगतो, क्लिनिकचं नाव घेत नाही. येळ्ळूरकडचे एक काका, साठीच्या पुढचे, बीपी खाली येईना म्हणून संध्याकाळच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग परत वाढवली, मग त्यात लघवीची गोळी घातली. तिन्ही चिठ्ठ्या माझ्याकडंच आल्या. तिसऱ्या वेळी पिशवीतून एक पांढरी प्लास्टिकची डबी निघाली, वर क्लिनिकचाच शिक्का, आत ज्येष्ठमधाचं चूर्ण. विचारलं तर म्हणाले, “ते होय, ते सकाळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीला दिलंय, लई बरं वाटतंय, दिवसातनं दोनदा घेतो, संपलं की परत आणतो.” आता ज्येष्ठमध ॲसिडिटीला, घशाला चांगलंच आहे, पण त्यात ग्लिसिरायझिन नावाचं द्रव्य असतं, ते बरेच दिवस पोटात गेलं की शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, बीपी वर चढवतं आणि रक्तातलं पोटॅशियम खाली आणतं. वर ती लघवीची गोळी पण पोटॅशियम खालीच आणणारी. म्हणजे सकाळच्या खोलीत बीपी वाढवायचं औषध चाललंय आणि संध्याकाळच्या खोलीत ते उतरवायचं, आणि दोन खोल्यांच्या मध्ये काय, तर प्लायवूडचं एक पार्टिशन! मी फोन लावला तर रिसेप्शनवरची पोरगी म्हणाली, “सर, सकाळची फाईल वेगळी असतीय, ती कपाटात असतीय, चावी मॅडमकडं हाय.”

डॉक्टर दोघं पण चांगले आहेत ओ. एमडी साहेबांचं निदान चुकीचं नव्हतं आणि आयुर्वेदाच्या मॅडमचं चूर्णही खोटं नव्हतं. पण दोघांनी एकमेकांचं लिहिलेलं वाचलं नव्हतं, आणि त्याची शिक्षा काकांच्या हृदयाला झाली असती.

असलं काउंटरवर रोज कायतरी बघायला मिळतं. शुगरवाल्यांचं तर विचारूच नका. ग्लिमेपिराईड ही शुगरची गोळी चालू असताना वर गुडमार, मेथी, कारल्याचं चूर्ण ‘नॅचरल’ म्हणून चालू असतं, त्यात एकादशीचा उपास आला की शुगर एकदम खाली, माणूस घामाघूम होऊन दुकानातच खाली बसतो, आणि घरचे म्हणतात उन्हानं चक्कर आली. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची तर तिच्यासोबतच इसबगोल आणि शंखभस्म, मग गोळी अंगाला लागणार कशी? शंखभस्म म्हणजे शेवटी कॅल्शियमच की. मंडूर भस्म म्हणजे लोह, त्याच्यासोबत सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलं तर दोन्ही पोटातच एकमेकांना चिकटून बसतात आणि अँटिबायोटिकचा पाहिजे तो परिणाम होत नाही. इथं कुठलंच औषध बंद करायची पण गरज नाही, नुसतं काही तासांचं अंतर ठेवलं तरी भागतंय. पण अंतर ठेवा असं सांगणार कोण, तर ज्याला दोन्ही औषधं माहीत आहेत तो. आणि ऑपरेशनच्या आधीचं तर फारच महत्त्वाचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असते, ती सर्जन बरोबर विचारून बंद करतात, पण लसूण-आलं-हळदीच्या कॅप्सूल चालूच राहतात, त्यांनी पण रक्तस्राव वाढू शकतो, ते कुणी विचारत नाही आणि पेशंट सांगत नाही.

सांगत का नाही, तेही बोलूया. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं की ते खवळतात. “आधी त्या सगळ्या पुड्या फेकून दे आणि मग माझ्याकडं ये” असं एकदा ऐकलं की माणूस पुढच्या वेळी पुड्या घरी ठेवून येतो, फेकत नाही. दुसरीकडं काही वैद्यमंडळी सांगतात, “त्या इंग्लिश गोळ्यांनी किडनी जाते, आपण हळूहळू बंद करूया.” अहो, बीपीची गोळी बंद केली तर किडनी जायची शक्यता जास्त आहे! म्हणजे एकाचा धाक आणि दुसऱ्याची भीती, मध्ये पेशंट दोघांशी अर्धं अर्धं खरं बोलतोय, आणि पूर्ण खरं काय ते मेडिकलवाल्याला सांगतोय ज्याला लिहायचा अधिकारच नाही.

आता “आयुर्वेदिक हाय, साईड इफेक्ट नाही” हे वाक्य. हे मी दिवसातून इतक्यांदा ऐकतो की आता हसू पण येत नाही. आपल्या आंबोली-चंदगडकडच्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे, वास मारतो म्हणून नरक्या, त्याची चोरटी तोड होते, का, तर त्यातून कॅम्प्टोथेसिन मिळतं आणि त्यापासून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं बनतात. झाड आपल्याच डोंगरातलं, शंभर टक्के नैसर्गिक, म्हणून कुणी त्याच्या सालीचा काढा उकळून पितो का? औषध म्हटलं की मात्रा आली, आणि मात्रा आली की चुकायची जागा आली. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता, नंतर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, आयुष मंत्रालयानं ते मानलं नाही, वाद झाला. माझं म्हणणं वाद कोण जिंकला हे नाहीच. ज्याचं लिव्हर आधीच नाजूक आहे त्याला गुळवेल देताना तो दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेतोय ते बघा, आणि अधूनमधून लिव्हरची टेस्ट करा, एवढं तर दोन्ही बाजूंना मान्य व्हायला हरकत नसावी. भस्मांचं पण तेच. अमेरिकेत बॉस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं होतं, ते २००४ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. चांगल्या कंपनीचं, नीट शोधन-मारण केलेलं, म्हणजे शुद्ध करून भाजलेलं, वैद्यानं तोलून दिलेलं भस्म वेगळं आणि जत्रेतल्या तंबूतली पुडी वेगळी, हे मलाही माहीत आहे, पण पेशंटला कुठं माहीत आहे?

पुडीवरून आठवलं. निपाणीकडून आमच्याकडं पाव्हण्यांकडं आलेली एक विडी कामगार मावशी, बरीच वर्षं तंबाखूची धूळ छातीत गेलेली, दमा. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटलेलं, हातपाय काटकुळे, कातडी कागदासारखी पातळ, आणि शुगर नव्यानं लागलेली. पर्समधून कागदाच्या पुड्या काढून म्हणाली, “यानं एकदम मोकळं वाटतंय बघ बाळा, गावठी औषध हाय.” तो चेहरा बघितला की कुठलाही फार्मासिस्ट सांगेल, यात स्टेरॉईड कुटून घातलंय. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन मिसळतात हे आपल्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात वाईट असं की ते एकदम बंद पण करता येत नाही, शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवायचं विसरलेलं असतं, अचानक सोडलं तर बीपी कोसळून जीवावर बेततं. मी तिला सांगितलं मावशी बंद करू नको, ही पुडीच घेऊन छातीच्या डॉक्टरकडं जा, पुडी दाखव, लाजू नको. आता ही मावशी तुमच्या इंटिग्रेटेड क्लिनिकात आली तर तिला “अजून काय काय घेता?” असं विचारणारा एक तरी माणूस आहे का तिथं? केसपेपरवर त्याला रकाना आहे का? बहुतेक ठिकाणी नाव, गाव, वय, वजन, बीपी, संपलं.

एवढं वाचून कुणाला वाटेल हा आयुर्वेदाच्या विरोधातला माणूस. अजिबात नाही. भगंदराला क्षारसूत्राची, म्हणजे औषध लावलेला दोरा बांधायच्या उपचाराची, मोठी चाचणी आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं आपल्या देशातच केली, १९९१ मध्ये छापली. जखम भरायला ऑपरेशनपेक्षा जास्त वेळ लागला, साधारण आठ आठवडे विरुद्ध चार, पण वर्षभरात परत होण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि ऑपरेशनमध्ये ११ टक्के. असलं काम असेल तर सर्जनसाहेबांनी स्वतः पेशंटला पार्टिशनच्या पलीकडं पाठवावं, कमीपणा कसला त्यात? सर्पगंधा घ्या. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये बीपीच्या पेशंटवरचा आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिला आणि सगळं जग या मुळीकडं बघायला लागलं. पण तीच सर्पगंधा वटी बीपीच्या दोन गोळ्यांवर तिसरी म्हणून कुणाला न सांगता दिली तर माणूस उठताना कोसळतो, आणि मन उदास होतं ते वेगळंच. नाहीतर मिरी घ्या, आपल्या त्रिकटूतली. तिच्यातल्या पायपरिनमुळं रिफाम्पिसिन रक्तात जास्त पोचतं, हे धरून जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेनं आणि एका भारतीय कंपनीनं टीबीची अशी कॅप्सूल काढली की रिफाम्पिसिन ४५० मिलिग्रॅमच्या जागी २०० पुरावं. मला विचाराल तर खरं इंटिग्रेशन हे. पण यातच दुसरी बाजू पण आली. मिरी एका औषधाला रक्तात चढवते तर फिट्सच्या फेनिटोइनला पण चढवू शकते, आणि तिथं जास्त झालं तर माणूस झोकांड्या खातो. जोडी जमली तर औषध आणि नाही जमली तर विष, आणि जमते की नाही ते दोन्ही नावं एका कागदावर असल्याशिवाय कळायचं कसं?

दुसरी गोष्ट, कुठल्या आजारात गाडीचं स्टिअरिंग कुणाच्या हातात हे आधी ठरवा. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ मध्ये कॅन्सरच्या पेशंटचा अभ्यास छापला, त्यात नेहमीच्या उपचारांसोबत पूरक उपचार घेणाऱ्यांमध्येही मृत्यूचा धोका साधारण दुप्पट निघाला. का, तर ही माणसं ऑपरेशन, केमो, रेडिएशन यातलं काहीतरी नाकारत होती, म्हणून. काढ्यानं मारलं नाही, काढ्याच्या भरवशावर टाळलेल्या केमोनं मारलं. म्हणून पंचकर्म करा, योगा करा, केमोनंतर उलटी-भुकेसाठी जे द्यायचं ते केमोवाल्या डॉक्टरांना विचारून द्या, पण केमोची तारीख चुकवायचा सल्ला कुठल्याही खोलीतून जाता कामा नये. होमिओपॅथीच्या गोळ्यांनी कुणाची किडनी जात नाही हो, पण त्या चालू आहेत म्हणून लहान पोराचं इन्सुलिन बंद केलं तर पोरगं हातातून जातं.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीकडं, साप चावला तर अजून पाला वाटून लावणं चालतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांना आपल्याकडं एकच लस आहे, बाकी सगळा वेळेचा अपव्यय. कर्नाटकानं फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद कळवणं बंधनकारक केलंय, तर तुमच्या क्लिनिकात आलेल्याला आधी ॲम्ब्युलन्समध्ये घाला. काविळीचं थोडं वेगळं आहे. पाण्यातून होणारी कावीळ बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळं माळ घालणाऱ्याचं नाव होतं, पण गरोदर बाईला तीच हिपॅटायटिस ई झाली तर जीवाशी खेळ, आणि पित्ताच्या नळीत खडा अडकलेला असेल तर माळ लांब होईल, खडा हलणार नाही. रक्त तपासा, सोनोग्राफी करा, मग पथ्यपाणी तुमचंच चालू दे की.

कायद्याचं मी थोडक्यात बोलतो कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. होमिओपॅथीचा दाखला असताना टायफॉईड समजून ॲलोपॅथीची औषधं दिली आणि पेशंट गेला, त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये काय शब्द वापरले ते परत वाचा. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथ डॉक्टरांना ॲलोपॅथी लिहायची वाट करून दिली, त्यावरही कोर्टकचेरी झाली, पण तो कायदा महाराष्ट्राचा, शिनोळीच्या अलीकडं तो लागू नाही. आणि आपल्याकडं केपीएमई, म्हणजे कर्नाटकातल्या खाजगी दवाखान्यांच्या, कायद्याखाली बोर्डाचे रंग पण ठरवून दिलेत, ॲलोपॅथीला निळा, आयुर्वेदाला हिरवा. मग इंटिग्रेटेडवाल्यांनी काय लावायचं, अर्धा अर्धा? हा विनोद सोडा, पण कुठली गोळी कुणाच्या सहीनं दिली ते पेशंटला वाचता यायला पाहिजे, रिकाम्या लेटरहेडवर नुसता क्लिनिकचा शिक्का चालायचा नाही.

तर मागणी अशी. प्रत्येक पेशंटच्या हातात एकच कागद, नाहीतर चाळीस पानी वही. त्यात दोन्ही-तिन्ही डॉक्टरांची औषधं एकाखाली एक, चालू केल्याची तारीख, कशासाठी, कधी बंद, आणि लिहिणाऱ्याची सही. आयुर्वेदाच्या कल्पात, म्हणजे तयार औषधात, काय काय आहे ते घटकांसकट लिहा, ‘चूर्ण क्रमांक तीन’ असं लिहू नका, मला पण कळत नाही आणि मिरजेच्या डॉक्टरला तर नाहीच नाही. आपला पेशंट बेळगावात कुठं थांबतो? जरा मोठं काय झालं की मिरज, कोल्हापूर, नाहीतर गोव्याचं बांबोळी. राज्य बदलतं, कॉम्प्युटर बदलतो, पेशंटच्या पिशवीतली वही तेवढी सोबत जाते. आणि ती वही मराठी आणि कन्नड दोन्हीत, मोठ्या अक्षरात करा. मला इथं सीमाप्रश्न काढायचा नाही, तो काढायला बाकीचे खंबीर आहेत, पण आमच्या आज्जीला ‘अजून कुठली गोळी, चूर्ण, काढा, तेल, पुडी घेता का?’ हे वाचता आलं पाहिजे, आणि तिनं होय म्हटलं तर तिच्यावर ओरडू नका.

आठवड्यातून एकदा दोन्ही डॉक्टरांनी अर्धा तास एकत्र बसून अवघड फाईली बघाव्या, चहा माझ्याकडून. कुठल्याही औषधानं त्रास झाला, इंग्लिश असो का देशी, तर तो कळवा. त्यासाठी सरकारचा टोल फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४, आणि आयुषच्या औषधांसाठी २०१८ पासून वेगळी यंत्रणा पण आहे. काउंटरवरून मी कळवलं तर एका मेडिकलवाल्याचं मत होतं, केसपेपरसकट तुम्ही कळवलं तर पुरावा होतो. आणि बेळगावातच नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, २००६ पासून. देशभरची माणसं तिथं येतात आणि आपण तिच्यासमोरून बसनं जातो. त्यांना एकदा बोलवा, कुठली जोडी कधीच देऊ नये याची एक पानाची यादी करून मागा, ती मी फ्रेम करून काउंटरवर लावतो.

त्या वहीचा एक मसुदा मी मराठीत करून ठेवलाय, कन्नडचं काम शेजारच्या झेरॉक्सवाल्या अण्णांनी अंगावर घेतलंय. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते, ज्यांना बघायचाय त्यांनी यावं, चुका दाखवाव्या, खोडावं, रकाने वाढवावे. फक्त येताना सकाळचे आणि संध्याकाळचे दोघं मिळून या.

आपला,
खानापूर रोडवरचा एक मेडिकलवाला